‘वाच’ : इस्लाममधली सृष्टीची गोष्ट आणि ज्ञानाची वाट

वाशिष्ठीकाठ (शुक्रवार, रात्री ९.४०)

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीच्या मुलाची बिस्मिल्ला झाली. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याला नवे कपडे, गळ्यात हार घालून बसवतात. समोर रेहल, म्हणजे ग्रंथ उघडून ठेवायची लाकडी बैठक. उस्ताद एकेक शब्द सांगतात आणि मूल मागोमाग म्हणतं. शरीअतने सांगितलेला हा विधी नव्हे, आपल्याकडच्या मुसलमानांची जुनी रीत आहे. पाटीवर श्रीगणेशा गिरवून घेतात ना, तसंच.

उस्ताद म्हणाले, "इकरा." म्हणजे वाच. पोरगं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलं आणि म्हणालं, "मला नाय येत वाचायला." बायका हसल्या. उस्ताद हसले नाहीत. त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पहिलं उत्तर हेच असतं, बाळा."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

इ.स. ६१०च्या सुमारास, रमजान महिन्यात, मक्केजवळच्या हिरा गुहेत पैगंबर मुहम्मद (स.) एकटे बसलेले असताना फरिश्ते (देवदूत) जिब्रील आले आणि म्हणाले, "इकरा." ते म्हणाले, "मला वाचता येत नाही." जिब्रीलनी त्यांना छातीशी घट्ट आवळलं, जीव कासावीस होईपर्यंत, मग सोडलं आणि पुन्हा तेच. असं तीनदा झालं. बुखारींच्या हदीससंग्रहात (हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या सांगीव नोंदी) अगदी सुरुवातीलाच हा प्रसंग येतो. मग जे पाच वाक्यांत उतरलं ते असं : वाच, तुझ्या रबच्या (पालनकर्त्याच्या) नावाने, ज्याने निर्माण केलं. माणसाला ‘अलक’पासून निर्माण केलं. वाच, तुझा रब फार उदार आहे. ज्याने कलमने शिकवलं. माणसाला ठाऊक नव्हतं ते शिकवलं.

कुरआनच्या या पहिल्या उतरलेल्या आयती, म्हणजे वाक्यं (आज ग्रंथात त्यांचा क्रम ९६:१-५, म्हणजे अध्याय ९६, आयती १ ते ५, असा आहे). त्यांत काय काय आहे बघा. निर्माण करणं दोनदा, वाचणं दोनदा, शिकवणं दोनदा. सृष्टी आणि ज्ञान इथे एका दमात सांगितलंय. पहिल्याच दिवशी.

आणि यातले शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. ‘कलम’ सगळ्यांना माहीत आहे. आमच्या कोकणात आंब्याचं कलम बांधतात, कायद्याला कलमं असतात, दोन्हीचं मूळ तेच. ‘अल्लमा’ म्हणजे शिकवलं, त्याच धातूतून ‘तालीम’ आली. मराठीत तिला माती आणि लंगोट चिकटले, पण मूळ अर्थ शिकवणं. ‘अलक’चा अर्थ लावताना भाषांतरकार अडखळतात. कुणी रक्ताची गुठळी म्हणतं, कुणी चिकटून राहणारं काहीतरी. अरबीत याच शब्दाचा एक अर्थ जळू. पावसाळ्यात घाटात पायाला चिकटते, ओढली तरी सुटत नाही, तीच. धातूचा मूळ अर्थ लटकणं, चिकटणं, जोडलेलं असणं. ‘तअल्लुक’ म्हणजे संबंध, आणि त्यातूनच आपला ‘तालुका’. कसबे गावाला जोडलेला मुलूख तो तालुका, आईच्या पोटाला चिकटलेला जीव तो अलक. तहसील कचेरीच्या पाटीकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘आलम’. आलम दुनिया म्हणतो ना आपण. ‘आलम’ म्हणजे विश्व, ‘इल्म’ म्हणजे ज्ञान आणि ‘अलामत’ म्हणजे खूण, हे तिन्ही शब्द एकाच धातूचे. जुन्या भाष्यकारांनी याचा अर्थ असा लावला, की ज्याच्या योगे निर्मात्याची ओळख पटते ते विश्व. ‘आयत’ या शब्दाचंही तेच. कुरआनचं वाक्य म्हणजे आयत, आणि रात्र-दिवसाचं फिरणं, पाऊस पडून मेलेली जमीन उठणं, तुमच्या-माझ्या भाषांचे आणि रंगांचे फरक (३०:२२), यांनाही कुरआन आयतच म्हणतो. एक ग्रंथ पानांवर, एक बाहेर. ‘वाच’ हा हुकूम दोन्हींसाठी आहे, असं मी समजते.

दुसरा प्रसंग आदमचा (२:३०-३३). अल्लाह फरिश्त्यांना सांगतो, मी पृथ्वीवर खलीफा म्हणजे प्रतिनिधी नेमतोय. फरिश्ते विचारतात, तिथे जो उच्छाद मांडेल, रक्त सांडेल, त्याला? प्रश्न अगदी रास्त आहे, रोजचा पेपर उघडला की पटतो. या आरोपाला उत्तर म्हणून माणूस रक्त सांडणार नाही, असं कुठेच म्हटलेलं नाही. अल्लाह म्हणतो, तुम्हाला ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे. आणि आदमला ‘सगळी नावं’ शिकवतो. मग फरिश्त्यांना नावं विचारतो. ते म्हणतात, तू शिकवलंस त्यापलीकडे आम्हाला काही ज्ञान नाही. माणसाच्या बाजूने मांडलेला एकमेव पुरावा म्हणजे तो शिकू शकतो.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. दर काही दिवसांनी व्हॉट्सॲपवर एक संदेश येतो, बिग बँग कुरआनात चौदाशे वर्षांपूर्वीच लिहिलाय असा. पाठवणाऱ्याचा भाव खरा असतो, पण मला त्याने दुःख होतं. आयतीला ज्याची गरज नाही असं प्रमाणपत्र आपण तिच्या हातात देतो. विज्ञान उद्या सुधारून पुढे जाईल, मग आयतीचं काय करायचं? सृष्टीचा उल्लेख कुरआनात माहिती पुरवायला येत नाही. ऐकणाऱ्याला हलवून जागं करायला येतो.

माझं वाचन मर्यादित आहे. चुकलं असेल तिथे दुरुस्त करा, तुमच्या परंपरांतलंही सांगा. ‘आम्ही श्रेष्ठ, तुम्ही कनिष्ठ’ एवढं मात्र इथे नको.

---

बाराखडी (शुक्रवार, रात्री १०.१५)

तालुका! आयुष्यभर महसूल खात्यात काढलं, हे माहीत नव्हतं.

ताई, एक प्रश्न. सहा दिवसांत सृष्टी ही कथा कुरआनातही आहे असं ऐकलंय. मग बायबलपेक्षा वेगळं काय?

---

वाशिष्ठीकाठ (शुक्रवार, रात्री १०.५०)

काका, सहा ‘यौम’ आहेत (७:५४ आणि आणखी काही ठिकाणी). पण यौम म्हणजे चोवीस तासच असं नाही. एके ठिकाणी रबकडचा एक दिवस तुमच्या हिशेबाने हजार वर्षांचा (३२:५), दुसरीकडे पन्नास हजार वर्षांचा (७०:४). बायबलच्या पहिल्या प्रकरणासारखी पहिला दिवस, दुसरा दिवस अशी सलग कथाही नाही. तुकडे विखुरलेत, कुठे धूर, कुठे पाणी, कुठे माती.

खरा फरक सातव्या दिवशी दिसतो. बायबलमध्ये देव विश्रांती घेतो. कुरआन म्हणतो, आम्हाला थकवा शिवलासुद्धा नाही (५०:३८). आणि सूरह (अध्याय) रहमानमध्ये, तो रोज नव्या कामात असतो (५५:२९). म्हणजे निर्मिती संपून कुलूप लागलेलं नाही.

---

उत्तररात्र (शनिवार, रात्री १.२०)

मी देव मानत नाही, हे आधी सांगतो. धागा मनापासून आवडला म्हणूनच विचारतोय.

‘कुन फयकून’, म्हणजे अल्लाहने ‘हो’ (अस्तित्वात ये) म्हटलं आणि ते झालं, असं कुरआन सांगतो. इथेच माझं अडतं. सगळ्याचं कारण एकाच शब्दात मिळालं तर कारण शोधायची गरजच कुठे उरते? ज्ञानाचा शोध म्हणताय, पण हे उत्तर तर शोध थांबवणारं आहे. आणि उत्क्रांतीचं काय? तुम्ही विज्ञानाच्या शिक्षिका आहात, वर्गात एक आणि घरी एक असं होत नाही का?

---

देवगिरी_वाट (शनिवार, सकाळी ७.३०)

उत्तररात्र, तुमचा प्रश्न नऊशे वर्षांपूर्वी अगदी याच जागी अडकला होता, आणि त्यावरचं भांडण इस्लामी विचारातलं सर्वांत मोठं भांडण आहे. मी निवृत्त शिक्षक, खुलताबादजवळ राहतो, हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. थोडं सविस्तर लिहितो.

इमाम गझाली. जन्म १०५८, तूस, इराणचा खुरासान. १०९१मध्ये बगदादच्या निझामिया मदरशाचे मुख्य अध्यापक झाले, म्हणजे त्या काळी याहून मोठी जागा नव्हती. त्यांनी तत्त्वज्ञांचं खंडन करणारा ग्रंथ लिहिला, त्यात वीस मुद्दे. सतरावा मुद्दा कापसाचा. कापूस आणि विस्तव एकत्र आले की कापूस जळतो. गझाली विचारतात, विस्तवाने जाळलं हे तुम्ही पाहिलंत का? तुम्ही पाहिलंत ते एवढंच, की विस्तव जवळ आला आणि जळणं झालं. ‘बरोबर झालं’ हे दिसतं, ‘त्याच्यामुळे झालं’ हे दिसत नाही. जाळणारा अल्लाह. रोज तसंच होतं ते त्याची रीत म्हणून.

इस्लामी धर्मशास्त्रातल्या अशअरी पंथाचे विचारवंत तर म्हणत की जग हे अणूंचं आणि क्षणांचं, आणि प्रत्येक क्षणी ते नव्याने निर्माण होतं. ताईंनी दिलेली ‘रोज नव्या कामात’ ही आयत इथे आठवावी.

आता तुमचीच बाजू घेणारा माणूस. इब्न रुश्द, जन्म ११२६, स्पेनमधल्या कॉर्दोबाचे काझी आणि वैद्य. त्यांनी गझालींच्या खंडनाचं खंडन लिहिलं. म्हणाले, जो कारणं नाकारतो तो बुद्धीच नाकारतो, कारण बुद्धी म्हणजे कारणांसकट वस्तू ओळखणं. आणि हे मुसलमान न्यायाधीश म्हणून म्हणाले. त्यांच्या मते सृष्टीचा अभ्यास करायला कुरआनच सांगतो, त्यामुळे तर्कशास्त्र शिकणं हे धर्माचंच काम. शून्यातून निर्मिती या प्रश्नावरही त्यांनी दाखवून दिलं, की अर्श, म्हणजे अल्लाहचं सिंहासन, पाण्यावर होतं (११:७), आकाश धूर होतं (४१:११), अशा आयतींच्या उघड अर्थाने पाहिलं तर आधी काहीतरी होतंच. केवळ देव आणि बाकी निखळ शून्य, असं वाक्य ग्रंथात दाखवा म्हणाले.

तेव्हा ‘कुन’ने शोध थांबला असं इतिहासात तरी दिसत नाही. त्या एका शब्दाचा अर्थ काय, यावर माणसांनी आयुष्यं घातली.

उत्क्रांतीबद्दल एकच. इतिहासकार इब्न खलदूनने १३७७मध्ये आपल्या इतिहासाच्या प्रस्तावनेत लिहिलंय, की खनिजांचं शेवटचं टोक वनस्पतींच्या सुरुवातीला भिडतं, वनस्पतींचं प्राण्यांच्या, आणि माकडांच्या पायरीवरून माणसाची पायरी येते. हा डार्विन नव्हे, नैसर्गिक निवड त्यात कुठेही नाही, कृपया कुणी तसा संदेश बनवून फिरवू नये. पण साखळीची कल्पना करताना त्यांना धर्म बुडेल अशी भीती वाटली नव्हती. आजचे उलेमा (धर्मपंडित) बहुतेक प्राण्यांपर्यंत ढिलाई दाखवतात आणि हजरत आदमपाशी थांबतात. मुसलमान शास्त्रज्ञांत पूर्ण स्वीकारणारेही आहेत. वाद चालू आहे.

---

वाशिष्ठीकाठ (शनिवार, सकाळी ११.०५)

सर, तुमचे आभार कसे मानू.

उत्तररात्र, तुम्ही सरळ विचारलंत, सरळ सांगते. वर्गात उत्क्रांतीचा प्रश्न माझ्या विषयात येत नाही, पण घरी भाचा विचारतो तेव्हा पुस्तकात आहे तेच सांगते, ओढूनताणून नाही. आयतीत ‘तुम्हाला टप्प्याटप्प्याने घडवलं’ (७१:१४) आणि ‘जमिनीतून रोपासारखं उगवलं’ (७१:१७) असं आहे, ते ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो. त्यावरून डार्विन सिद्ध करायला जात नाही आणि खोडायलाही जात नाही. आदमबद्दल माझ्या मनात गाठ आहे. ती सुटलेली नाही. सुटल्याचं खोटं सांगणार नाही.

सरांनी गझालींची अर्धी गोष्ट सांगितली, उरलेली मी सांगते, कारण ज्ञानाचा खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

१०९५. एवढा मोठा विद्वान एके दिवशी शिकवायला उभा राहतो आणि जीभ उचलत नाही. शब्द फुटत नाही. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मग अन्न उतरेना, पाण्याचा घोट गिळवेना. हकीमांनी हात टेकले, म्हणाले दुखणं मनाचं आहे. आपण शिकवतोय ते अल्लाहसाठी की नावासाठी, हा प्रश्न त्यांना आतून पोखरत होता. शेवटी कुटुंबाची सोय लावली, बाकीचा पैसा वाटून टाकला आणि हजला जातो सांगून बगदाद सोडलं. दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या मिनारात दिवसदिवस दार लावून बसत. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं एकांतात.

तिथे त्यांना कळलं ते त्यांनी ‘जौक’ या शब्दात सांगितलं, म्हणजे चव. आरोग्याची व्याख्या पाठ असणं वेगळं, निरोगी असणं वेगळं. वैद्य आजारी पडला तर त्याला आरोग्याची व्याख्या, कारणं, औषधं सगळं येत असतं, फक्त आरोग्य नसतं. आयुष्यभर शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हे वाक्य झोपू देत नाही.

त्यांच्या तरुणपणाचीही एक गोष्ट सांगतात. काफिल्यावर दरोडा पडला. गझाली दरोडेखोरांच्या मागे धावले, म्हणाले बाकी सगळं घ्या, माझ्या टिपणांच्या वह्या द्या, त्यांत माझं ज्ञान आहे. सरदार म्हणाला, जे आम्ही हिसकावून नेलं की तुझ्याकडे उरत नाही, ते ज्ञान कसलं? वह्या परत दिल्या. गझाली घरी जाऊन तीन वर्षं त्या पाठ करत बसले. पण मला वाटतं सरदाराचं म्हणणं त्यांना खऱ्या अर्थाने कळलं ते बगदादमध्ये, जीभ अडकली तेव्हा.

---

पिंपळपान (शनिवार, दुपारी ४.४५)

वारकरी घरातला आहे. वाचताना पदोपदी घरचंच वाटलं. ‘जौक’ म्हणजे आपली अनुभूती. माऊलींनी अमृतानुभवात अज्ञानाचं खंडन केलं आणि मग ज्ञानाचंही केलं. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तात तर शेवटी म्हटलंय, हे कुठून झालं ते वर बसलेल्या अध्यक्षालाच ठाऊक, किंवा त्यालाही नसेल. मला वाटतं सूफी आणि अद्वैत एकच. नावं फक्त वेगळी.

---

हिरवा_चाफा (शनिवार, संध्याकाळी ६.१०)

पिंपळपान, तुमचं वाचून मुंबईतल्या माहीमचे सूफी संत मखदूम अली माहिमी आठवले. मी लहानाचा मोठा त्या दर्ग्याच्या गल्लीत झालो, आणि चाळिशीपर्यंत मला ठाऊक नव्हतं की बाबा एवढे मोठे लेखक होते. आम्हाला फक्त उरूस, संदल आणि पोलिसांची चादर माहीत.

१३७२ ते १४३१. नवायत घराण्यातले, म्हणजे समुद्रावरून आलेल्या अरबांचे वंशज, आणि कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेले. अंदलुसियाचे (मुस्लिम स्पेनचे) सूफी विचारवंत इब्न अरबी यांच्या विचाराचे ते हिंदुस्तानातले अगदी सुरुवातीचे जाणकार. इब्न अरबींच्या ज्या ग्रंथावरून उलेमांमध्ये रणं माजली, त्याच्यावर यांनी माहीमच्या बेटावर बसून अरबीत भाष्य लिहिलं. कुरआनवरची त्यांची टीका पुढे १९व्या शतकात कैरोत छापली गेली.

त्या टीकेतली एक गोष्ट मला एका मौलवींनी दाखवली. कुरआनच्या ११४पैकी एक सोडून सगळ्या सूरहांच्या सुरुवातीला तीच बिस्मिल्ला येते. तेच शब्द. पण बाबा प्रत्येक ठिकाणी तिचा अर्थ वेगळा देतात, त्या त्या सूरहच्या विषयाला धरून. म्हणजे तेच नाव, तीच दया, पण दर वेळी नव्याने. सृष्टी क्षणोक्षणी नवी होते असं मानणारा माणूस वाचणारही असाच.

आणि लोक सांगतात ती गोष्ट. लहानपणी रात्री आईने पाणी मागितलं. पाणी घेऊन येईतो तिचा डोळा लागला. उठवायचं कसं, म्हणून पोर पेला हातात धरून पहाटेपर्यंत उभं राहिलं. तिच्या दुआने ज्ञान मिळालं म्हणतात. आमच्या घरी आई ही गोष्ट पाणी मागायच्या आधी सांगायची. 🙂

---

वाशिष्ठीकाठ (शनिवार, रात्री ९.३०)

चाफादादा, बिस्मिल्लाचं माहीत नव्हतं. बाबांच्या दर्ग्यावर गेले आहे, पण पुन्हा जाईन ते वेगळ्या मनाने.

पिंपळपान, तुमच्या आपुलकीचा मान राखून, ‘एकच’ म्हणायला मात्र मी कचरते. जवळ आहेत, खूप जवळ. इब्न अरबी (११६५–१२४०) म्हणतात की सृष्टी हा रहमानचा, म्हणजे दयाळू अल्लाहचा, श्वास. छातीत कोंडलेला श्वास सुटावा तशी अल्लाहची नावं रूपात उमटली, आणि माणूस बोलतो तेव्हा त्याच्या श्वासातून अक्षरं उमटतात तशी या श्वासातून सगळी अस्तित्वं. बृहदारण्यकात वेद हे त्या महाभूताचे निःश्वास म्हटलेत, ते तुम्हाला लगेच आठवेल. इब्न अरबी गेले आणि त्यांच्यानंतर पन्नास वर्षांनी, १२९०मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नसणार. हे मला फार हलवून सोडतं.

पण इस्लाममध्ये बंदा (अल्लाहचा दास) बंदाच राहतो, हा धागा इब्न अरबीही तोडत नाहीत. आणि पुढे सरहिंदच्या शेख अहमदांनी (१५६४–१६२४) त्यांच्याशी वाद घातला, की सगळं एक ‘आहे’ असं नव्हे, त्या अवस्थेत एक ‘दिसतं’. सूर्य उगवला की तारे दिसत नाहीत, म्हणून तारे नसतात असं नाही. हा वादही आमचाच आहे, तो गुंडाळून ठेवून एकी दाखवणं मला प्रामाणिक वाटत नाही.

आपल्या मातीत मात्र याहून वेगळं काही घडलं. श्रीगोंद्याचे शेख महंमद. त्यांनी १६४५मध्ये ‘योगसंग्राम’ ओवीत लिहिला. गुरू चांद बोधले, कादिरी सूफी परंपरेतले, आणि परंपरा सांगते की एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही तेच गुरू. श्रीगोंद्यात आजही हिंदू-मुसलमान दोन्हीकडचे लोक जातात. त्यांनी ‘एकच आहे का’ हा प्रश्न सोडवला नाही. मराठीत लिहिलं, आणि दोन्हीकडच्यांचे बोल सोसले.

आणखी एक दुरुस्ती, माझ्याच माणसांसाठी. ‘मी लपलेला खजिना होतो, ओळखला जावा म्हणून सृष्टी केली’, हे वाक्य सर्रास हदीस म्हणून सांगितलं जातं. हदीसच्या जाणकारांनी त्याला सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, नाही म्हटलंय. खुद्द इब्न अरबी म्हणतात की हे सांगीव परंपरेने सिद्ध नाही, अंतःप्रत्ययाने खरं. ‘ज्ञानासाठी चीनलाही जा’चीही सनद कच्ची आहे. ‘ज्ञान मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज (कर्तव्य)’ हे इब्न माजांच्या हदीससंग्रहात आहे, आणि ते पुरेसं आहे. ज्ञानाबद्दल बोलताना तरी कच्चं वाक्य खपवू नये.

---

देवगिरी_वाट (शनिवार, रात्री १०.०५)

ताईंच्या शेवटच्या वाक्याला भर म्हणून. ११व्या शतकात मक्केत करीमा नावाच्या, मध्य आशियातल्या मर्वच्या विदुषी बुखारींचा संग्रह शिकवत. शिष्याला आपल्या प्रतीवरून नक्कल करून घ्यायला लावत आणि मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे सांगायची परवानगी देत नसत. मोठमोठे विद्वान त्यांच्यापुढे बसले. कच्चं वाक्य न खपवण्याची शिस्त ती अशी.

---

सदाफुली (रविवार, पहाटे ५.१५)

इथे सहसा लिहीत नाही, वाचते फक्त. झोप लागली नाही म्हणून लिहितेय.

माझा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी गेला. त्या वेळी शेजारच्या मुस्लिम काकू रोज येऊन बसायच्या. त्यांनी मला कुरआनातली हजरत मूसा (बायबलमधले मोझेस) आणि त्यांना वाटेत भेटलेला ज्ञानी खिज्र यांची गोष्ट सांगितली होती. खिज्र होडी फोडतो, मुलाला मारतो, भिंत बांधतो. मला आधार द्यायलाच सांगितली, हे कळत होतं. पण मुलगा मारला जातो तिथे माझ्या मनात दार बंद झालं ते आजपर्यंत. सृष्टी ज्ञानाने भरलेली आहे म्हणता, मग हे कसलं ज्ञान? रागाने विचारत नाही. खरंच विचारतेय.

---

वाशिष्ठीकाठ (रविवार, सकाळी ८.५०)

सदाफुली, तुमचं वाचून चहा तसाच राहिला.

तुम्हाला उत्तर देण्याची माझी लायकी नाही. ती गोष्ट (१८:६०-८२) मी कशी वाचते तेवढं सांगते.

हदीसमध्ये तिची सुरुवात अशी. कुणीतरी मूसांना विचारतं, सर्वांत जास्त ज्ञान कुणाला? ते म्हणतात, मला. अल्लाहला ते रुचत नाही. दोन समुद्र मिळतात तिथे माझा एक बंदा आहे, जा म्हणतो. टोपलीत मासा घेऊन निघा, मासा हरवेल ती जागा. म्हणजे ज्ञानाची वाट काहीतरी हरवण्यापासून सुरू होते.

भेटल्यावर दोघं नावेत बसतात. एक चिमणी नावेच्या काठावर येते आणि समुद्रात चोच बुडवते. खिज्र म्हणतात, माझं आणि तुझं ज्ञान अल्लाहच्या ज्ञानापुढे एवढंच, त्या चोचीत आलं तेवढं. मला या गोष्टीत तीन चमत्कारांपेक्षा ती चिमणी महत्त्वाची वाटते.

मग तो मुलगा. मूसा ओरडतात, एका निरपराध जिवाला मारलंत? तुम्ही फार वाईट केलंत! ते गप्प बसायचं वचन देऊन आलेले असतात आणि तरीही ओरडतात. बऱ्याच विद्वानांनी म्हटलंय की शरीअतप्रमाणे मूसांनी बोलणंच बरोबर होतं. आणि एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. पैगंबरांच्या पश्चात नजदा नावाच्या एका बंडखोर पुढाऱ्याने पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांना पत्र लिहून विचारलं, लढाईत मुलांना मारावं का? त्यांनी कळवलं, अल्लाहचे रसूल मुलांना मारत नसत, तूही मारू नकोस. खिज्रना त्या मुलाबद्दल जे ठाऊक होतं ते तुला ठाऊक असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे ते दार त्यांनी बंदच केलं. त्या गोष्टीवरून कुणालाही, कुठल्याही मुलाच्या मरणाला अर्थ चिकटवण्याचा परवाना मिळत नाही. तुमच्या भावाच्या जाण्यालाही माझ्यासारखीने अर्थ लावू नये.

काकू रोज येऊन बसायच्या, हे तुम्ही लिहिलंत. गोष्ट पटली नाही तरी ते बसणं तुमच्या लक्षात आहे.

---

सदाफुली (रविवार, सकाळी ९.३०)

चिमणीचं काकूंनी सांगितलं नव्हतं. त्या अजून शेजारीच आहेत. आज जाते त्यांच्याकडे.

---

बाराखडी (रविवार, दुपारी १२.१०)

ताई, त्या छोट्याचं पुढे काय झालं? बिस्मिल्ला पूर्ण केली का त्याने?

---

वाशिष्ठीकाठ (रविवार, दुपारी १.००)

केली, काका. ‘अल्लमल इन्साना मा लम यअलम’ला तीनदा अडला, लम-यअलममध्ये जीभ अडकत होती. चौथ्यांदा आला. मग लाडू वाटले. आता घरभर अलिफ काढत सुटलाय, भिंतीवरसुद्धा, त्यामुळे भाची वैतागलीय. अलिफ म्हणजे नुसती उभी रेघ, त्याला वाटतं आपल्याला सगळं लिहिता येतं.

---

उत्तररात्र (रविवार, रात्री ११.५५)

कुरआनचं मराठी भाषांतर मिळवलं. अठरावा अध्याय काढला, मूसा आणि खिज्रपर्यंत आलोय. मत बदललेलं नाही, ते सांगून टाकतो.

पण १८:६८वर थांबलोय. ‘ज्याची तुला पूर्ण खबर नाही त्यावर तू धीर तरी कसा धरशील?’ हे खिज्र मूसांना रागावून म्हणतोय असं मी आधी वाचलं. पुन्हा वाचलं तेव्हा वाटलं, समजून घेऊन म्हणतोय. सर, अरबीत यातलं नेमकं काय आहे? सवडीने सांगा. मी उद्या पुढे वाचतो.